खुर्चीचं मत

पक्षाध्यक्षांचा फोन सकाळी आला आणि दुपारची ताटं उचलेपर्यंत घरात उघडउघड दोन तट पडले.

अध्यक्ष फार बोलले नव्हते. सभापतिपद थोरलीला द्यायचं पक्षाने ठरवलंय, हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा, एवढंच. देशाच्या सभागृहातल्या त्या उंच खुर्चीवर आजवर एकही बाई बसली नव्हती. तसं पाहिलं तर त्या सभागृहात निवडून गेलेली पहिली बाई हीच आणि मंत्री झालेली पहिली बाईही हीच, त्यामुळे पहिलेपणाचं अप्रूप घराला फारसं उरलं नव्हतं. भांडणाची हौस मात्र सगळ्यांची ताजी होती.

थोरलीची धाकटी जाऊ स्वयंपाकघरात ताटं रचत होती आणि गरजेपेक्षा जास्त जोरात रचत होती. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिचं उत्तर एका शब्दाचं होतं : नाही.

सभापती म्हणजे काय? बाकीच्यांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं. कुणाची बाजू घ्यायची नाही, भाषण करायचं नाही. जी बाई बोलून बोलून एवढी मोठी झाली तिच्याच तोंडाला कुलूप. आणि तेही नेमकं आत्ता, घरकाम करणाऱ्या बायकांच्या विम्याचं विधेयक तिसऱ्यांदा सभागृहात येत असताना. दोनदा ते आपटलं होतं. या खेपेला थोरली बोलली की ते तरणार, याची धाकटीला खात्री होती. खात्री असणारच, कारण ते भाषण गेले कित्येक रविवार तिनेच ठोकून ठोकून सरळ केलं होतं.

बाहेर जेवणाच्या टेबलाशी वेगळाच बाजार भरला होता.

"नियमाप्रमाणे आईला पक्ष सोडावा लागेल आणि मतदारसंघही," थोरलीचा मुलगा सांगत होता. तो वकील. कोर्टात बोलायचा तसाच घरीही बोलायचा, एक बोट वर करून. "म्हणजे पोटनिवडणूक आली. घरातलं कुणीतरी उभं राहायला हवं. मी तयार आहे."

"तू तयार आहेस?" धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं, आणि थोरलीच्या पहिल्या सभेपासून प्रत्येक सभेचा माइक त्यानेच लावला होता. "अरे, तुझ्या आईच्या पहिल्या सभेला तू पाळण्यात होतास. मी खांबांवर चढून कर्णे बांधत होतो. मतदारसंघातला एकेक खांब ओळखतो मला."

"खांबांना मत नसतं, काका."

"आणि कोर्टातल्या तारखांना असतं वाटतं?"

"उभं राहायचं म्हणे!" वकिलाची बायको, म्हणजे थोरलीची सून, पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याचा हिशेब तिला पक्का ठाऊक होता. "यांना स्वतःच्या मुलीचा वाढदिवस मी आठवण केल्याशिवाय आठवत नाही, आणि हे मतदारांची दुःखं लक्षात ठेवणार."

टेबलाच्या टोकाला थोरलीचा नवरा बसला होता. ते दातांचे डॉक्टर, सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. लोकांची तोंडं उघडण्यात हयात गेल्यामुळे की काय, स्वतःचं ते फारसं उघडत नसत. या वेळी मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मला तिला त्या खुर्चीत बघायचंय. कारणबिरण काही नाही. बघायचंय, एवढंच."

फोन आल्यापासून थोरली गप्प होती. समोरच्या पेल्याची कड बोटाने पुसत ती ऐकत बसली होती, आणि तिचं ते गप्प बसणंच धाकटीला स्वयंपाकघरातून जास्त ऐकू येत होतं.

"पुरे!" आत्याबाईंनी टेबलावर थाप मारली. या डॉक्टरांच्या थोरल्या बहीण, दोन्ही जावांच्या वन्सं. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होत्या. वॉर्डात त्या शिरल्या की आजारी माणसंसुद्धा सरळ झोपायची. "बाजारात तुरी, आणि तुमची मारामारी आत्तापासून! तिने अजून हो म्हटलं नाही आणि तुम्ही तिची जागा वाटून खाताय. आज रविवार आहे ना? मग गोंधळ घाला."

गोंधळ म्हणजे या घराची जुनी रीत. थोरली पहिल्यांदा निवडून गेली आणि पहिलं भाषण करायला उभी राहिली तेव्हा सभागृहाने बाकं बडवली होती. कुणी मांजरासारखं ओरडलं, कुणी विचारलं, घरी चुलीशी कोण आहे? तिसऱ्या वाक्याला थोरली खाली बसली. घरी येऊन ती रडली, तेव्हा वन्संनी तिचे डोळे पुसले नाहीत. तिला बैठकीच्या खोलीत मधोमध उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "ही बोलेल आणि तुम्ही ओरडायचं. मायेच्या माणसांचा आरडाओरडा पचला की परक्यांचा आपोआप पचेल."

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर थोरली बोलायची आणि घर तिच्यावर तुटून पडायचं. धाकटी त्या वेळी नवी नवरी होती. माहेरी हळू बोलायला शिकलेली. पहिल्या रविवारी तिच्या तोंडून फक्त "शी!" निघालं आणि सगळे हसले. दुसऱ्या रविवारी ती जरा खुलली. महिन्याभरात तिची जीभ अशी काही सुटली की शेजारचे खिडक्या लावून घ्यायला लागले. मंत्र्यांचे टोमणे, विरोधकांचे आकडे, मागच्या बाकावरचे पाणचट विनोद, सगळं ती एकटी करायची. पुढे एकदा सभागृहात एका बड्या नेत्याने थोरलीला असा काही टोला हाणला की सारे हसून लोळले. थोरलीही हसली आणि क्षणात तिने तो टोला परत त्याच्याच पदरात टाकला. घरी येऊन ती म्हणाली, "धाकटे, तू हाच टोला मागच्या रविवारी जास्त चांगला मारला होतास." आयुष्यात मिळालेल्या सगळ्या दागिन्यांपेक्षा धाकटीला ते एक वाक्य प्रिय होतं.

"कशावर बोलू मी?" थोरलीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तू बोलायचंच नाहीस," वन्सं म्हणाल्या. "आज तू बसायचं. भांडतील हे. बघू तरी तुला सभागृह सांभाळता येतं का."

उंच खुर्ची घरात एकच होती. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा रोग्यांना बसवायची त्यांची खुर्ची विकायला जीव झाला नाही, म्हणून ती खिडकीजवळ आणून ठेवली होती. थोरली तीत चढून बसली. डॉक्टरांनी सवयीने पायाने दट्ट्या दाबला आणि देशाची माजी मंत्री कुरकुरत वर वर जायला लागली.

"बास, बास! तोंड उघडायचं नाहीये मला."

"त्याचसाठी तर बसवताहेत," धाकटी पदराला हात पुसत बाहेर येऊन पुटपुटली.

घंटेच्या जागी डॉक्टरांनी हत्यारांचा स्टीलचा ट्रे दिला आणि तो वाजवायला दात तपासायच्या आरशाची दांडी. थोरलीने एकदा ठण्ण केलं. आवाज चांगला खणखणीत होता.

"ठराव असा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. त्यात ना आई होती, ना बायको, ना जाऊ. "सभापतिपद स्वीकारावं. सदस्यांनी मला उद्देशून बोलावं, एकमेकांकडे बघून नाही. सन्माननीय वकील सदस्य."

वकील उठला, बोट वर गेलं. "सभापती महोदया, मी ठरावाच्या बाजूने आहे. पोटनिवडणुकीचा विचार करता—"

"बघा! आलाच मुद्द्यावर!" काका ओरडले.

ठण्ण. "लाउडस्पीकरवाल्या सदस्यांनी बसावं. त्यांना माइकची गरज नाही हे सभागृहाला माहीत आहे. आणि वकील सदस्यांनी ऐकावं. मतदारसंघ आजच्या विषयात नाही. तो माझ्या मालकीचा नाही, या घराच्याही नाही. तो विषय सोडून पुढे बोलावं."

वकिलाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मतदारसंघ काढून घेतल्यावर त्याच्याकडे बोलायला काही शिल्लक नव्हतं. "मी... ठरावाला पाठिंबा देतो," म्हणून तो बसला. काकांचीही तीच गत झाली. जागा पुतण्याला मिळणार असेल तर ठराव पडलेला बरा, हे त्यांना सांगायचं होतं, पण सांगायची सोय राहिली नव्हती. त्यांनी नुसतं "विरोध!" म्हटलं, तेही माइक बंद असल्यासारखं.

सून उठली. "माझाही विरोध. आई हो म्हणाल्या की हे उभे राहणार, म्हणून."

"सदस्य विषयाबाहेर आहेत," सभापती म्हणाल्या, आणि क्षणभर सासू डोकावली, "पण खरं बोलल्या."

वन्संनी पाठिंबा दिला, डॉक्टरांनी मान हलवून पाठिंबा दिला. मग धाकटी उभी राहिली.

"काकू, तू विधेयकाचंच बोलणार ना?" वकील म्हणाला. "ते दुसरं कुणीतरी—"

ठण्ण.

"मुद्द्याचं बोल गं," तिचा नवरा म्हणाला. "फार लांबवू नको."

ठण्ण.

"धाकटे, मी काय म्हणते—" वन्संनी हात वर केला.

ठण्ण! खोलीत सगळे दचकले. वन्संना अडवायची हिंमत या घरात कुणी केली नव्हती. "माजी मेट्रन सदस्यांनीसुद्धा," सभापती शांतपणे म्हणाल्या. "बोलायची पाळी धाकट्या सदस्यांची आहे."

मग एकदम शांतता झाली. धाकटी इतकी वर्षं या खोलीत ओरडत आली होती, पण अशी शांतता तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. गोंधळात ओरडणं सोपं होतं, हे तिला आत्ता कळलं.

"सभापती महोदया," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी इथे विरोधकांच्या तोंडचं बोलले. आज माझ्या तोंडचं बोलते. तुम्हाला मखरात बसवताहेत. मखरातल्या देवाला हार मिळतो, पण त्याला कुणी विचारत नाही. तुमच्या बोलण्याची भीती वाटते म्हणून हा मान चाललाय. तुम्हाला हे कळत नसेल असं नाही."

धाकटीने पदर कमरेला खोचला.

"ते विधेयक येतंय. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बायका तुमचं भाषण असलं की हातातलं फडकं बाजूला ठेवून रेडिओला कान लावतात. मी पाहिलंय, तुम्ही नाही पाहिलं, तुम्ही तिथे बोलत असता. त्यांना काय सांगायचं? बाई वर बसल्या, आता बोलत नाहीत? आपल्याला बोलायला एक बाई मिळाली होती, तिला खुर्ची मिळाली आणि ती गप्प झाली?"

"काकू, हा अन्याय आहे!" वकील उसळला. "आईने काय कमी—"

ठण्ण. "सदस्यांचं बोलणं पूर्ण झालेलं नाही."

"पण आई, ती तुझ्यावरच—"

"खाली बसा. सभापतींच्या बचावासाठी कुणी उठायचं नसतं."

वकील बसला. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. टोमणा पुरता येऊन पोचायच्या आत परत करणारी ही बाई. पण चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. फक्त खुर्चीच्या हातावरची तिची बोटं पांढरी पडली होती. उत्तर तिच्या ओठांपाशी येऊन थांबलं होतं आणि ती ते गिळत होती, हे धाकटीइतकं कुणाला कळणार?

"आणि माझं काय?" धाकटी म्हणाली. हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. "तुम्ही भाषणं केली नाहीत तर मी रविवारी काय करू? तुमच्याबरोबर मीही जात होते तिथे. मला कुणी बघत नव्हतं, पण मी असायचे तिथे, तुमच्या प्रत्येक वाक्यात. मला अभिमान आहे हो त्याचा. तो कुठे ठेवू आता?"

नवऱ्याने मान खाली घातली. धाकटी सवयीने उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"उत्तर नाही?" तिने विचारलं.

"सभापती उत्तर देत नाहीत," थोरली म्हणाली. "सदस्यांना आणखी काही सांगायचंय? वेळ आहे. सभागृह ऐकतंय."

धाकटीने शोधून पाहिलं. काही उरलं नव्हतं. जे पोटात होतं ते सगळं बाहेर येऊन खोलीत मांडलेलं होतं, मधे कुणी त्याचा तुकडा पाडला नव्हता. ती बसली आणि तिला कितीतरी वर्षांनी दमल्यासारखं वाटलं, चांगलं काम करून दमल्यासारखं.

"मतदान," सभापती म्हणाल्या. "बाजूने असतील त्यांनी खिडकीकडे, विरोधात असतील त्यांनी दाराकडे."

खुर्च्या सरकल्या. खिडकीकडे डॉक्टर, वन्सं आणि वकील. दाराकडे सून, काका आणि धाकटी.

"तीन आणि तीन," सुनेने गणिताच्या बाईंच्या आवाजात जाहीर केलं.

"म्हणजे आईचं निर्णायक मत!" वकील हर्षाने म्हणाला. "झालं! आई, दे मत आणि कर फोन!"

थोरलीने ट्रे मांडीवर ठेवला. "समसमान मतं पडली तर सभापतीने काय करायचं, याचा जुना संकेत आहे," ती म्हणाली. "बदलाच्या बाजूने मत द्यायचं नाही. जिथे बहुमत नाही, तिथे एकट्या खुर्चीने नवं काही करायचं नसतं. जे जसं आहे ते तसंच ठेवायचं." तिने दांडी ट्रेवर ठेवली. "त्यामुळे माझं मत ठरावाच्या विरोधात पडतं."

खोलीत कुणाला पटकन कळलंच नाही. मग डॉक्टर खुर्चीच्या कडेला हात टेकून म्हणाले, "अगं, हे आपलं घर आहे."

"मग मला इथे बसवलंत कशाला? घरात पाळता येत नसेल तर तिथे काय पाळणार मी?"

"तुला हवंय ना ते पद?" डॉक्टरांनी इतक्या हळू विचारलं की ते जणू दोघांतच होतं.

थोरलीचे डोळे भरून आले, आणि सगळ्यांना दिसलं की हवंय. फार हवंय. सकाळपासून हवं होतं. आणि ज्या खुर्चीसाठी ती आयुष्यभर चालत आली, तीच खुर्ची ती स्वतःच्या हाताने दूर सारत होती, केवळ नियम तसा आहे म्हणून.

धाकटी जिंकली होती. दाराशी उभी राहून ती जिंकलेली बाई खुर्चीकडे बघत राहिली. आता सभागृहात थोरली एकटी नव्हती, पुष्कळ बायका निवडून येत होत्या. पण थोरली दर खेपेला घरी येऊन तेच सांगायची : नव्या पोरी उठतात, दुसऱ्या वाक्याला कुणीतरी ओरडतो, त्या बसतात. वर खुर्चीत बसलेला सभापती दुसरीकडे बघत राहतो. त्यांच्यासाठी कुणी असा ट्रे वाजवत नाही. स्वतःच्या मुलालासुद्धा "खाली बसा" म्हणणारं तिथे कुणी नाही. धाकटीने आत्ता जे केलं, मनातलं शेवटपर्यंत बोलणं, ते तिला याआधी कधीच का जमलं नव्हतं? कारण समोर अशी खुर्ची नव्हती.

"निकाल जाहीर करते," थोरली म्हणाली आणि तिने दांडी उचलली.

"थांबा!" धाकटी ओरडली. तो तिचा रविवारचा आवाज होता, शेजारच्या खिडक्या लागतील असा. "निकाल अजून जाहीर झालेला नाही. सदस्याला मत बदलता येतं का?"

"जाहीर होईपर्यंत येतं."

धाकटी निघाली. दारापासून खिडकीपर्यंत मधे फक्त जेवणाचं टेबल होतं, पण त्याला वळसा घालताना तिला फार लांब चालल्यासारखं वाटलं.

"अगं, कुठे चाललीस?" नवरा म्हणाला. "आत्ताच तर एवढं बोललीस!"

"बोलले. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही," ती चालता चालता म्हणाली. "मला बोलू दिलं म्हणून चाललेय." खिडकीशी वन्संच्या शेजारी जाऊन ती उभी राहिली आणि थोरलीकडे वळली. "आणि सभापती महोदया, विधेयकावर ज्या कुणी नव्या सदस्या बोलणार असतील, त्यांना रविवारी माझ्याकडे पाठवा. दोन महिन्यांत तयार करते. तिथे त्यांना कुणी अडवलं तर मग बघा तुमचं तुम्ही."

थोरली हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "चार विरुद्ध दोन," ती म्हणाली. "ठराव मंजूर."

मग जो गोंधळ झाला तसा त्या खोलीत कधी झाला नव्हता. वकील टाळ्या पिटत होता, सून सासूचे हात धरायला धावली, डॉक्टर चष्मा न काढताच डोळे पुसत होते, काका "आता सत्काराच्या सभेचा माइक माझा!" म्हणून बजावत होते, वन्सं कुणाला तरी पाणी आणायला हुकूम सोडत होत्या, आणि धाकटी सगळ्यांच्या वर आवाज काढून थोरलीच्या नावाचा जयजयकार करत होती.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

"कामकाज अजून संपलेलं नाही," सभापती म्हणाल्या. "सदस्यांनी आपापल्या जागी बसावं."

सगळे बसले. काका बसले, वकील बसला, कुणाच्या सांगण्यावरून कधी न बसलेल्या वन्संही पदर सावरून बसल्या. शेवटी एकटी उभी उरली ती धाकटी. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता, ना आईच्या, ना जावेच्या, त्या नव्या आवाजात म्हणाली, "सन्माननीय सदस्या, शांतता."

देशातल्या सगळ्यात तोंडाळ बाईने तोंड मिटलं आणि ती खाली बसली. लवकरच सारं सभागृह असंच खाली बसणार होतं, आणि त्या सगळ्यांच्या आधी बसायचा मान तिचा होता.